पंचवीस लाखांचे एकोणतीस तास

खाली दिलेला घटनाक्रम कुणा एकाचा नाही. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावानं येणाऱ्या २५ लाखांच्या खोट्या लॉटरीच्या तक्रारी गेली कित्येक वर्षं देशभर नोंदल्या जातात. त्या इतक्या एकाच वळणाच्या असतात की एकीचं पान दुसरीत घातलं तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येऊ नये. त्या वळणावर मी एक माणूस उभा केला आहे. एसटीतून निवृत्त झालेला वाहक, मुक्काम तालुक्याच्या गावी, घरी नवरा-बायको दोघंच, मुलगी नोकरीला पुण्यात. वेळा आणि रकमा त्याच्यापुरत्या जुळवल्या आहेत. फसवणाऱ्यांच्या खेळ्या मात्र खऱ्या आहेत, त्यातली एकही माझ्या डोक्यातली नाही.

वाहकच का? कारण फसणारा अडाणी किंवा हावरा असतो, असं आपण गृहीत धरतो. ज्यानं उभी नोकरी वे-बिल रुपयापर्यंत जुळवून डेपोत रोख भरली, रात्रीच्या गाडीत नुसत्या बोटांनी फाटकी नोट ओळखून परत केली, तो पैशाच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा चिकित्सक असणार. तरीही पुढचं सगळं होतं.

शून्य वेळ आहे बुधवार, दुपारी २ वाजून ४० मिनिटं.

मंगळवार, सकाळी ९.४०. एकोणतीस तास आधी

व्हॉट्सॲपवर एक चित्र येतं. वर अमिताभ बच्चन हात जोडून उभे, एका कोपऱ्यात पंतप्रधान, दुसऱ्यात एक मोठे उद्योगपती. खाली सगळ्या मोबाइल कंपन्यांची बोधचिन्हं एका ओळीत मांडलेली, जणू एरवी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या या कंपन्या आज एका पंगतीला बसल्या आहेत. मध्ये २५,००,००० हा आकडा, चार आकडी लॉटरी क्रमांक आणि एक गोल शिक्का. इंग्रजी मजकुरात जागोजाग चुका. सोबत ध्वनिमुद्रित निरोप: ‘मैं केबीसी हेड ऑफिस, मुंबई से बोल रहा हूँ. आपके सिम कार्ड पर पच्चीस लाख की लॉटरी लगी है.’ मग मॅनेजरचा नंबर आणि एक सूचना. या नंबरावर साधा फोन लागणार नाही, फक्त व्हॉट्सॲप कॉलच करायचा.

नंबर +९२ नं सुरू होतो. आपला देशाचा क्रमांक +९१. शेजारचा आकडा, म्हणून नजर त्यावरून घसरते. +९२ हा पाकिस्तानचा क्रमांक आहे, आणि अशा क्रमांकांवरून येणाऱ्या केबीसी लॉटरीच्या निरोपांबद्दल दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेनं जाहीर इशाराही दिला होता. अर्थात क्रमांक परदेशी दिसला म्हणून माणूस तिथंच बसलेला असतो असं नाही. पैसे गोळा होतात ती खाती इथलीच असतात.

‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली सुरू झालं. त्यात प्रश्न असतात, उत्तरं असतात, लॉटरी नसते. पण २०१७ पासून घरबसल्या मोबाइलवर उत्तरं देण्याचा खेळ त्याला जोडला गेला, तोही एका मोबाइल कंपनीच्या साथीनं. त्यामुळे केबीसी, सिम कार्ड आणि घरबसल्या बक्षीस हे तीन शब्द एकत्र ऐकले तरी कान टवकारले जात नाहीत. भामट्यांनी ही जोडणी फुकट उचलली.

आपल्या गड्याला लॉटरी काय असते ते चांगलं ठाऊक आहे. उमेदीच्या काळात स्टँडवरच्या स्टॉलवर त्यानं महाराष्ट्र राज्य लॉटरीची तिकिटं घेतलेली आहेत. ही लॉटरी १९६९ पासूनची. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार लॉटरी काढायची ती राज्य सरकारनं. तिला छापील तिकीट असतं आणि ते खिशातून पैसे देऊन घ्यावं लागतं. निकालाच्या दिवशी आकडे आपणच ताडून बघायचे असतात. लागलंच तर तिकीट घेऊन आपणच धावायचं. सरकार कधी घर शोधत येत नाही. न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस कसं लागलं, हा एकच प्रश्न त्यानं स्वतःला विचारायचा होता.

तो विचारतोही. ‘सिमवर लागलीय म्हणतात,’ असं उत्तरही स्वतःच देतो आणि चहा घेतो.

सकाळी ११.१५. जेमतेम साडेसत्तावीस तास उरले

तो कॉल करतो. पलीकडचा आवाज खर्जातला, अदबीचा. प्रत्येक वाक्याला ‘सर’. चाळीस प्रवाशांच्या गाडीत ‘ओ मास्तर’ ऐकत आयुष्य गेलेल्या माणसाला एका दमात इतक्या वेळा सर म्हणणारं पूर्वी कुणी भेटलेलं नाही.

‘सर, खाता कौन से बँक में है? चालू है ना? क्यों कि पच्चीस लाख एकदम आएगा, तो खाता झेल पाएगा क्या, वो देखना पडता है.’

या एका वाक्यात बँक कळली, खातं चालू आहे का ते कळलं आणि पुढच्या दोन वाक्यांत शिल्लकही कळली. त्यानं ती आपण होऊन सांगितली, कारण प्रश्न त्याच्या खात्याच्या तब्येतीचा होता. मग घरात कोण कोण, मुलं कुठं, हे आपुलकीनं विचारून झालं. आधार कार्डाचा आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो गेला. (हे दोन फोटो पुढं दुसऱ्याच कुणाला विश्वास पटवायला वापरले जातात. ‘बघा, या सरांना मागच्या आठवड्यात मिळाले.’)

शेवटी, जाता जाता सांगावं तसं:

‘और सर, ये बात घर में भी किसी को बताना मत. नंबर लीक हुआ तो दूसरा क्लेम कर देगा.’

या सबंध व्यवहारात मला सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हे वाक्य. पैसे मागणारी वाक्यं नंतर येतात आणि ती याच्या जोरावर चालतात. शेजारच्या किराणा दुकानदाराला, मुलीला, भाच्याला, पेपर टाकणाऱ्या पोराला, कुणालाही हे चित्र दाखवलं असतं तर खेळ तिथंच संपला असता, कारण त्यातल्या निम्म्यांना तेच चित्र येऊन गेलेलं आहे. म्हणून आधी तोंड बांधायचं.

दुपारी १२.३०. सव्वीस तास

‘फाइल ओपन करने का’ शुल्क ८,२०० रुपये. परत मिळणारं. पंचवीस लाखांसोबत जमा होईल.

आकडा विचार करून काढलेला आहे. ८०० मागितले असते तर फालतू वाटलं असतं आणि ८२,००० मागितले असते तर मुलीला फोन गेला असता. पेन्शन बेताची असली तरी ८,२०० खात्यात असतात आणि ते जाण्याआधी कुणाला विचारलंच पाहिजे असं वाटत नाही.

यूपीआयनं पैसे पाठवताना पडद्यावर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. तिथं केबीसी नाही, सोनी वाहिनी नाही. एका बाईचं नाव आहे. तो थबकतो. त्याचा अंगठा पडद्याच्या वर तसाच थांबलेला असताना कानात आवाज येतो, ‘वो हमारी कॅशियर मॅडम का नाम है, सर. कंपनी के खाते में लिमिट रहता है.’

हे खातं भाड्याचं. कुणा मजुराला, विद्यार्थ्याला, कधी बेकार पोराला चार-दोन हजार देऊन त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम ताब्यात घेतलेलं असतं. बँकवाले अशा खात्याला म्यूल म्हणतात. कॅशियर मॅडम कदाचित आत्ता कुठं तरी शेतात खुरपत असतील आणि आपल्या नावावर काय चाललंय याचा त्यांना पत्ताही नसेल.

सहा आकड्यांचा पिन. टुंग असा आवाज. ८,२०० गेले.

दुपारी ४.००

प्रमाणपत्र येतं. त्यावर त्याचं स्वतःचं नाव, आधारवरून उचललेला स्वतःचा फोटो आणि रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. पाठोपाठ त्याच्या नावाच्या धनादेशाचं चित्र, पंचवीस लाख फक्त. आपलं नाव छापील अक्षरांत, एवढ्या मोठ्या रकमेशेजारी, माणूस सहसा पाहत नाही. तो चित्र बोटांनी मोठं करून स्वतःच्या नावाचं शुद्धलेखन तपासतो. ते बरोबर आहे.

आता जीएसटी, २४,५०० रुपये.

इथं थोडं थांबून कराचं सांगायला हवं, कारण सगळी लूट ‘टॅक्स’ या एका शब्दाच्या आडून होते. लॉटरीच्या बक्षिसावर आयकर आहे, चांगला ३० टक्के. दहा हजारांवरच्या बक्षिसातून तो कापूनच उरलेली रक्कम विजेत्याच्या हाती येते. कापायचा आणि सरकारजमा करायचा तो देणाऱ्यानं. जिंकणाऱ्यानं आधी खिशातून भरायचा, मग बक्षीस मिळणार, असा रोख रकमेच्या बाबतीत प्रकारच नाही. बक्षीस वस्तूचं असेल, म्हणजे मोटारगाडी वगैरे, तर वस्तूतून कर कापता येत नाही. म्हणून कर भरला गेल्याची खात्री करून मगच देणारा ती हवाली करतो. भामट्यांना ही बारीक फटसुद्धा माहीत असते. पोस्टानं येणाऱ्या ‘खरवडा आणि जिंका’ कार्डांवर म्हणूनच गाडी निघते. पण तो करही सरकारी चलनानं भरला जातो, कुणा मॅडमच्या यूपीआयवर नाही.

आणि रिझर्व्ह बँक कुणाही व्यक्तीचं खातं ठेवत नाही. तिच्याकडे कुणाच्या नावे बक्षिसाचे पैसे पडून नसतात, ती कुणाला प्रमाणपत्र पाठवत नाही, गव्हर्नरसाहेब कुणाला ईमेल करत नाहीत. हे ती बँक स्वतःच जाहिराती देऊन वर्षानुवर्षं सांगत आली आहे.

२४,५०० गेले. वेगळ्या खात्यावर, वेगळ्या नावानं. या वेळी त्यानं नाव पाहिलंही नाही.

संध्याकाळी ‘काम जलदी होगा’ म्हणून एक ॲप टाकायला सांगितलं गेलं, ज्यातून फोनचा पडदा पलीकडच्याला दिसतो. ते उतरेना. फोनमध्ये जागा नव्हती, सगळी नातवाच्या व्हिडिओंनी खाल्लेली. नातवानं त्या दिवशी आजोबांच्या खात्यातली उरलेली शिल्लक वाचवली आणि ते कुणालाच कळलं नाही.

रात्री ९.००

मालिका चालू असताना तो बायकोला विचारतो, ‘अगं, समज, पंचवीस लाख मिळाले तर काय करशील?’

‘आधी माडीवरचा पत्रा बदला,’ ती पडद्यावरची नजर न काढता म्हणते. ‘गळतोय दोन पावसाळे.’

बस, एवढंच. सांगण्याची ही शेवटची सोयीची वेळ होती.

बुधवार, सकाळी ९.५०. पाच तासांहून कमी

फाइल अडकली आहे. ‘इन्कम टॅक्स का ऑब्जेक्शन आया है, सर.’ पंचवीस लाखांवर ३० टक्के, म्हणजे साडेसात लाख.

तो हबकतो. एवढे नाहीत, म्हणतो. पलीकडे शांतता, मग कुणा ‘सीनियर’शी बोलणं केल्याचे आवाज. पाच लाख? नाहीत. ‘सर, आपसे कितना हो पाएगा?’ तो गप्प. ‘सोना-वोना होगा ना घर में?’ सात मिनिटांत साडेसात लाखांचा आयकर २,१०,००० वर येतो.

स्टँडवरच्या फळवाल्याशीसुद्धा त्यानं इतकी यशस्वी घासाघीस कधी केली नसेल. घासाघिशीनं उतरणारा कर हा कर नसतो, हे त्याला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी त्याला जिंकल्यासारखं वाटत होतं. पाच लाख चाळीस हजार वाचवले!

मग मुदत. ‘आज चार बजे तक. नहीं तो लॉटरी कॅन्सल. और आपका जो बत्तीस हजार सात सौ जमा है, वो भी लॅप्स.’

लोक विचारतात, पंचवीस लाखांना भुलला कसा? मला वाटतं प्रश्नच चुकतो. पंचवीस लाखांना तो भुलला असता तर पहिल्याच तासात सोनं घेऊन धावला असता. पहिल्या खेपेला त्यानं फक्त ८,२०० दिले आणि तेही थबकून. बुधवारी सकाळी त्याच्या डोळ्यांपुढे पंचवीस लाख धूसर झाले होते, ३२,७०० मात्र ठसठशीत दिसत होते. ते त्याचे होते, कष्टाचे होते. ते बुडाले हे कबूल करायचं म्हणजे काल दिवसभर आपण मूर्ख ठरलो हे कबूल करायचं, आणि तेही त्या बायकोपुढं जिच्यापासून लपवलं. दोन लाख दहा हजार गेले ते बत्तीस हजार सातशे सोडवायला. हाव फार तर पहिल्या हप्त्यापुरती असते. पुढचे हप्ते लाज भरते.

भामट्यांना हे पाठ असतं. बक्षिसाचा उल्लेख हळूहळू कमी होत जातो आणि ‘आपका जमा पैसा’ हे शब्द वाढत जातात. एखाद्या फोनवर हा बदल जाणवला तर समजावं की आता पुढचा आकडा मोठा येणार.

सकाळी ११.३०

बायकोच्या पाटल्या. ‘पोरीला फ्लॅटच्या हप्त्याला कमी पडतायत, महिन्याभरानं सोडवून आणू.’ पोरीसाठी म्हटल्यावर ती एका शब्दानं विचारत नाही. कपाटातून डबी काढते, तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट लावते आणि देते.

सोनेतारण हे तालुक्याच्या गावात सगळ्यात झटपट मिळणारं कर्ज. बँकेचा सराफ पाटल्या कसोटीच्या दगडावर घासतो, रेघेवर थेंब टाकतो, वजन करतो, चिठ्ठी लिहितो. सह्या, फोटो, पाकिटाला लाख. तासाभरात पैसे त्याच बँकेतल्या बचत खात्यात जमा.

या सगळ्या वेळात शर्टाच्या खिशातला फोन चालूच आहे. तसं बजावलेलं आहे. ‘लाईन काटना मत, सर, फाइल ओपन है.’ खिशातला माणूस सराफाचं वजन ऐकतो आहे.

दुपारी १.५०. पन्नास मिनिटं

आरटीजीएसचा फॉर्म. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाखाची, म्हणून हा रस्ता. आरटीजीएसनं किमान दोन लाख पाठवता येतात आणि ते गेले की गेले, मागं ओढता येत नाहीत.

काउंटरवरची अधिकारी मुलगी फॉर्म बघते. खातं परराज्यातलं. शाखेचं नाव तिनं कधी ऐकलेलं नाही. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडताळून पाहण्याची सोय आहे. ती पाहते. नाव फॉर्मवरच्या नावाशी जुळतं. जुळणारच, भाड्याच्या खात्याचं खरं नावच त्यानं लिहून आणलं आहे.

‘काका, हे कोण?’

‘बिल्डर. मुलीच्या फ्लॅटचा.’

‘पुण्याचा ना? मग खातं तिकडचं?’

‘त्यांचं हेड ऑफिस तिकडं आहे.’

उत्तर पाठ केलेलं आहे. बँकवाले विचारतील, लॉटरीचं नाव काढू नका, ते अडवतात, हे सकाळीच सांगून झालेलं आहे. ज्या व्यवहारात स्वतःच्या बँकेशी खोटं बोलायला सांगितलं जातं तो व्यवहार कसला असेल?

मुलगी क्षणभर थांबते. नुकतंच सोनं तारण, लगेच सगळी रक्कम बाहेर, वयस्क खातेदार, खिशात बडबडणारा फोन. यातलं प्रत्येक चिन्ह बँकेच्या प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. पण मागं रांग आहे, टोकनचा आवाज चालू आहे आणि खातेदार स्वतः सही करून आपले पैसे मागतो आहे. ‘मुलीला फोन लावा बघू, काका’ एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. काही शाखांमधले लोक हे अर्धं मिनिट देतात आणि त्यामुळे वाचलेली माणसं आहेत. सगळा दोष मी तिच्यावर टाकणार नाही, पण तिला सूट देऊन मोकळंही करणार नाही.

दुपारी २.४०

संदेश येतो. आपल्या खात्यातून रु. २,१०,०००.०० वजा झाले.

दुपारी २.४० नंतर

पुढची मिनिटं पैशांची आहेत, माणसाची नाहीत. पहिल्या खात्यातून रक्कम चार-पाच खात्यांत फुटते, तिथून आणखी पुढं. काही ठिकाणी एटीएमशी माणूस कार्ड घेऊन उभाच असतो. काही भाग आभासी चलनात जातो. प्रत्येक उडीबरोबर माग काढणं अवघड होतं.

सव्वापाचला पुन्हा फोन. आता ‘अँटी टेररिस्ट सर्टिफिकेट’, ६०,००० रुपये. नाव ऐकून हसू येईल, पण हे प्रमाणपत्र खरोखर मागितलं जातं. त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही. तो तसं सांगतो. अदब संपते. शिव्या येतात, पोलिसांत देण्याची धमकी येते, नंबर बंद होतो.

तो अंगणात बसून राहतो. कुणाला सांगत नाही.

रात्री ८.३०

बायको मुलीशी नेहमीच्या फोनवर बोलते आहे. ‘अगं, हप्त्याचे पैसे पोचले का गं?’

‘कुठले पैसे, आई?’

बँकेला पटलेलं, बायकोला पटलेलं खोटं मुलीच्या एका प्रश्नात उघडं पडतं. मुलगी रागावत नाही, निदान त्या क्षणी तरी नाही. तिचा पहिला प्रश्न, ‘आबा, किती वाजता गेले?’

रात्री ८.४५. सहा तास पाच मिनिटं उलटून

ती १९३० लावते. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची ही हेल्पलाइन. २०२१ मध्ये वेगळ्या क्रमांकानं सुरू झाली, नंतर १९३० झाली. तक्रार नोंदली की व्यवहाराचा माग बँकेमागून बँकेकडे जातो आणि पैसे ज्या खात्यात पोचलेले दिसतील तिथं जेवढे शिल्लक असतील तेवढे गोठवले जातात. गोठवायला ते तिथं असावे मात्र लागतात. म्हणून आबांना झोपवून सकाळी शांतपणे ठाण्यात जाऊ, हा शहाणपणाचा वाटणारा सल्ला इथं सगळ्यात महाग पडतो.

पलीकडून विचारतात ते असं: बँक, खातं, रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक. यूपीआयचा क्रमांक बारा आकडी, आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा. आबांना तो सापडत नाही. त्यांनी लाजेपोटी संध्याकाळी सगळी चॅट पुसून टाकली आहे. चित्र, आवाज, प्रमाणपत्र, नंबर, सगळं. नशिबानं बँकेचे एसएमएस आणि आरटीजीएसची पावती शाबूत असते. मुलगी फोनवरून आईकडून एकेक अक्षर वाचून घेते. ओ की शून्य, यावर दोनदा अडतं. मग cybercrime.gov.in या संकेतस्थळावर तीच तक्रार लेखी.

बँकेलाही कळवलं जातं. इथं अनेकांचा एक गैरसमज असतो. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ बसत नाही. ते खरं आहे, पण ते अशा व्यवहारांसाठी जे ग्राहकानं केलेलेच नाहीत आणि ज्यात त्याची चूक नाही. आबांनी फॉर्मवर स्वतः सही केली आहे. ते परिपत्रक त्यांच्या कामाचं नाही.

गुरुवार

सायबर पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३१९ तोतयेगिरीचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. हवालदार जबाब लिहून घेताना विचारतो, ‘तिकीट काढलं होतं का?’ आबा मान हलवतात. हवालदारानं हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलेला नाही, जबाबात ते लिहावंच लागतं.

संध्याकाळपर्यंत कळतं की तिसऱ्या पायरीवरच्या एका खात्यात ३८,००० अडकले आहेत. बाकी निघून गेले. अडकलेले परत मिळवायला अर्ज करायचा, आदेश आणायचा. सोनेतारणाचं व्याज मात्र बुधवारपासूनच चालू आहे.

बारा दिवसांनी, सकाळी १०.२०

नवा नंबर, या वेळी +९१. ‘सायबर सेल, दिल्ली. आपके दो लाख दस हजार रिकव्हर हो गये हैं. रिलीज फी चार हजार नौ सौ निन्यानवे.’ रक्कम अचूक, तारीख अचूक, बँकेचं नाव अचूक. हे सगळं पोलिसांना माहीत आहे, तसंच चोरांनाही माहीत आहे. एकदा पैसे दिलेल्या माणसांच्या याद्या एका टोळीकडून दुसरीकडे जातात.

आबा फोन बायकोकडे देतात. ती विचारते, ‘कुठल्या ठाण्यातून बोलताय? इथल्या हवालदारांचं नाव सांगा.’ पलीकडचा हिंदीत वरचा सूर लावतो. ती म्हणते, ‘मराठीत बोला, नाहीतर ठाण्यात या, आम्ही तिथंच भेटतो,’ आणि फोन कापते. मुलीनं तो नंबर संध्याकाळी केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’वर नोंदवला. मार्च २०२४ पासून ही सोय आहे, पैसे गेलेले नसताना नुसता संशयास्पद फोन कळवण्यासाठी. दोन दिवसांनी तिसऱ्या नंबरावरून फोन आला, तेव्हा रिलीज फी २,९९९ झाली होती.